मार्थाबाईंचं स्टिअरिंग

रूथताई गॅरेजात आल्या तेव्हा मी एका जीपच्या खाली उताणा पडलो होतो. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या आणि साडीचा काठ. चपला बराच वेळ एकाच जागी उभ्या राहिल्या. शेवटी मीच सरकत बाहेर आलो.

"ताई, तुम्ही? शाळा नाही आज?"

"अर्धी रजा टाकलीय." त्यांनी आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "भानुदास, आईची गाडी बंद पाडायचीय."

"बंद पडलीय?"

"पडली नाही. पाडायचीय. तुम्ही पाडायची."

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची. नगरला सावेडी नाक्यापाशी माझं छोटं गॅरेज होतं, आणि रूथताईंची आई म्हणजे डॉक्टर मार्था पाटोळे. सगळं गाव त्यांना मार्थाबाई म्हणायचं. तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या होत्या. त्यांची चोपन्न सालची मॉरिस मायनर होती, करड्या रंगाची, कासवासारखी गोल पाठीची. मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी डॉक्टरकडून त्यांनी ती अठ्ठावन्न साली घेतली आणि स्वतः चालवायला शिकल्या. बाई गाडी चालवते हे बघायला तेव्हा माणसं रस्त्याच्या कडेला थांबायची म्हणे. त्या गाडीतून त्यांनी निम्मा जिल्हा पालथा घातला. बाळंतपणं केली, विंचू उतरवले, हाडं बसवली. नवरा लवकर गेला, रूथला एकटीनं वाढवलं. दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी दर गुरुवारी पिंपळदऱ्याला जायच्या. नगरपासून बावीस किलोमीटर, पुढं कच्चा रस्ता. तिथल्या देवळाच्या ओसरीवर बसून पेशंट तपासायच्या आणि दिवेलागणीच्या आत परत यायच्या.

माझं आणि त्यांचं नातं मिस्त्री आणि गिऱ्हाईक एवढंच नव्हतं. मी दुसऱ्याकडची नोकरी सोडून पत्र्याचं शेड टाकलं तेव्हा पहिली गाडी त्यांनी आणून उभी केली होती. माझी थोरली मुलगी पोटात आडवी आली तेव्हा माझ्या बायकोच्या, सिंधूच्या उशाशी त्या सबंध दिवस उभ्या होत्या. त्या मॉरिसला वीस वर्षांत माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"परवाचं कळलं का तुम्हाला?" रूथताईंनी विचारलं.

मला कळलं होतं. भिंगारच्या अलीकडं बाईंच्या गाडीखाली एक शेळी आली होती. मरायची, पण पायावर निभावलं. बाई खाली उतरल्या, स्वतःच्या रुमालानं आणि बाभळीच्या फोकानं तो पाय बांधला आणि धनगराला म्हणाल्या, "तीन आठवडे हिला चालवू नकोस." गावात लोक हसून सांगत होते.

रूथताई हसत नव्हत्या. "शेळीच्या मागं चार पावलांवर त्या धनगराची बायको होती. पाटी डोक्यावर, पोर कडेवर. आईला ती दिसलीच नाही. तिला काचबिंदू आहे, भानुदास. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी मला सगळं सांगितलंय."

"मग त्यांना तसं सांगा ना."

"मी सांगू? ती डॉक्टर, मी मराठी शिकवणारी. विषय काढला की उठून आत जाते. दोनदा किल्ली लपवली, तर तिच्याकडं तिसरी निघाली. तुम्ही वायर काढाल तर ती बॉनेट उघडून परत लावेल, तुम्हीच शिकवलंय तिला. म्हणून म्हणते, स्टिअरिंग काढून न्या. म्हणावं, तडा गेलाय, दुरुस्त करून आणतो. आणि मग आणूच नका."

मी हातातला पाना पुसत राहिलो.

"दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर तिचा विश्वास आहे."

मी हो म्हणालो. आज बहात्तराव्या वर्षी मी ते आठवतो तेव्हा वाटतं, निदान एक दिवस मागून घ्यायला हवा होता विचाराला. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि काम मला सोपं वाटलं. मधलं झाकण, एक नट, मग चाक ओढून काढायचा पुलर लावून दोन पिळे. दहा मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मी सकाळी बंगल्यावर गेलो तेव्हा बाई व्हरांड्यात बसून गुरुवारची तयारी करत होत्या. कागदाच्या पुड्यांत गोळ्या मोजून भरायच्या आणि वर जाड अक्षरात नाव लिहायचं, असं चाललं होतं. पांढरं सुती पातळ, पायात कॅनव्हासचे बूट.

"भानुदास, आज कसा काय? मी तर बोलावलं नव्हतं."

"इकडनं चाललो होतो. म्हटलं उद्या तुम्ही पिंपळदऱ्याला जाणार, गाडी बघून घ्यावी."

"बघ की."

मी बॉनेट उघडलं, पाणी बघितलं, तेल बघितलं. उगाच चाकांना लाथा मारल्या. बाई तोवर येऊन शेजारी उभ्या राहिल्या. मग मी दार उघडून आत वाकलो आणि स्टिअरिंगवरून हात फिरवला. वरच्या बाजूला, उजवीकडं, एक बारीक रेघ होती. मी ती वीस वर्षं बघत होतो.

"बाई, याला तडा गेलाय."

"कुठं?"

"हा काय."

त्यांनी वाकून त्या रेघेवर अंगठा ठेवला. डोळ्यांनी बघितलं नाही, नुसता अंगठा सावकाश फिरवला. इकडून तिकडं आणि परत. मग सरळ उभ्या राहिल्या.

"मग?"

"असं चालवणं बरं नव्हे. वळणावर हातात तुटून यायचं. काढून नेतो. नगरमध्ये याचं काम होत नाही, पुण्याला एक माणूस आहे."

"हं." त्या माझ्याकडं बघत होत्या. मी पेटीतला पाना शोधत होतो. "बरं. काढ मग."

त्या स्वतःच सीटवर बसल्या. "चाकं सरळ घेते, म्हणजे तुला बसवताना त्रास नको." त्यांनी चाकं सरळ घेतली. मी मधलं झाकण उचकटलं, हॉर्नची तार सोडवली आणि नटावर पाना चढवला. जुना नट, हलेना. मी जोर लावायचा आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवायचं, असं आम्ही दोघांनी मिळून तो सोडवला. नट त्यांनी हातात घेतला.

"खूण कर दांड्यावर," त्या म्हणाल्या. "मागं एकदा तू तिरकं बसवलं होतंस. महिनाभर मी वाकडी गाडी चालवली."

"करतो बाई."

पुलर लावला. दोन पिळे दिले, तिसऱ्याला कट्टकन आवाज झाला आणि स्टिअरिंग सुटून माझ्या हातात आलं. बाई तशाच सीटवर बसून होत्या. समोर नुसता लोखंडी दांडा, आणि त्यावर मी खडूनं काढलेली पांढरी रेघ.

"किती दिवस लागतील?"

"आठ दिवस."

"म्हणजे उद्याचं पिंपळदरा रद्द."

"हो. एवढा एक गुरुवार."

त्यांनी नट माझ्या तळहातावर ठेवला आणि लगेच हात काढून घेतला नाही. "भानुदास, आणखी काही सांगायचंय का तुला?"

"नाही बाई. काही नाही."

"बघ हं."

"काही नाही बाई."

मी स्टिअरिंग पोत्यात गुंडाळलं, सायकलच्या मागं बांधलं आणि निघालो. फाटकापाशी वळून पाहिलं तर त्या अजून गाडीतच होत्या.

आठ दिवसांनी त्यांचा गॅरेजात फोन आला. मी म्हणालो, पुण्याचा माणूस गावाला गेलाय. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला, तेव्हा म्हणालो, माल मिळत नाहीये. तिसऱ्या वेळी म्हणालो, काम झालंय पण पॉलिश राहिलंय. प्रत्येक वेळी बाई शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि शेवटी विचारायच्या, "बाकी काही विशेष?" मी म्हणायचो, "काही नाही." मग फोन ठेवायच्या. रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. स्टिअरिंग गॅरेजाच्या माळ्यावर पोत्यात पडून होतं, आणि फोन वाजला की माझी नजर आपोआप वर जायची.

एकदा जेवताना सिंधूजवळ बोललो. ती म्हणाली, "सरळ सांगून टाका की. डोळ्यांनी दिसत नाही, गाडी सोडा. एवढंच तर सांगायचंय."

"तू जाऊन सांग."

"मी गेले असते. पण स्टिअरिंग तुम्ही काढलंय."

मी ताटावरून उठलो.

चौथ्या गुरुवारी ते घडलं. रूथताई शाळेत गेल्यावर बाईंनी औषधांची पेटी घेतली, रिक्षानं माळीवाड्याच्या स्टँडवर गेल्या आणि पिंपळदऱ्याच्या एसटीत बसल्या. कुणीतरी जागा दिली, कुणीतरी पेटी धरली. फाट्यावर गाडी थांबली. कंडक्टरनं हात पुढं केला होता, पण तो बाजूनं होता आणि त्यांना दिसला नाही. शेवटची पायरीही दिसली नाही. त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पिंपळदऱ्याच्या लोकांनी टेंपोत गाद्या घालून त्यांना नगरला आणलं. वाटेत त्या शुद्धीवर होत्या. पेटीतल्या पुड्या कुणाच्या कुणाला द्यायच्या, ते सांगत होत्या.

मला संध्याकाळी कळलं. दवाखान्यात जायला निघालो आणि अर्ध्या वाटेवरून परत आलो. ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या, तरी मी गेलो नाही. रोज काही ना काही काम निघायचं. तीन आठवड्यांनी रूथताईंचा निरोप आला, आई बोलावतेय.

त्यांची खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी लावली होती. मोडलेल्या पायाला दोरीनं वजन टांगलं होतं. इतक्या दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या, पण केस नीट विंचरलेले होते. रूथताईंनी मला चहा दिला, आईचं पांघरूण सारखं केलं आणि त्या शाळेला निघून गेल्या. फाटकाची कडी वाजेपर्यंत बाई काही बोलल्या नाहीत.

"बस," त्या म्हणाल्या. "तिकडं नको, समोर बस. बाजूला बसलास तर दिसत नाहीस."

मी खुर्ची समोर ओढली.

"स्टिअरिंग झालं का रे दुरुस्त?"

मी कपातल्या चहाकडं बघत राहिलो.

"ती रेघ बासष्ट साली पडलीय," त्या म्हणाल्या. "जामखेडच्या रस्त्यावर गाडी खड्ड्यात आदळली आणि मागची पेटी उडून स्टिअरिंगवर बसली. अंगठ्याला सापडते मला, अंधारातसुद्धा. तडा नाही तो, ओरखडा आहे."

"बाई..."

"मला त्याच दिवशी कळलं. तू दार उघडायच्या आधीच कळलं म्हण. तू कधी न बोलावता आला होतास?"

मी मान खाली घातली. "रूथताईंनी..."

"रूथनं सांगितलं, माहीत आहे. तिला नाव ठेवू नकोस. ती घाबरली होती. आईसाठी मुलगी घाबरली तर त्यात काय चूक? पण तू घाबरला नव्हतास. तुला नुसतं अवघड वाटलं."

बाहेर गडीमाणूस झाडांना पाणी घालत होता. बाईंनी थोडा दम घेतला.

"बाई, कळलं होतं तर बोलला का नाहीत? मला दोन थोबाडीत द्यायच्या."

"तू बोलशील म्हणून थांबले. मी विचारलं तुला, काही सांगायचंय का. फोनवर विचारलं, तीनदा. म्हटलं, हा सांगेल. आज नाही तर उद्या सांगेल." त्यांचा आवाज चढला नव्हता. "भानुदास, मी चाळीस वर्षं माणसांना तोंडावर सांगत आलेय. मूल राहणार नाही, पाय काढावा लागेल, तुझ्या बायकोकडं आता आठ दिवस आहेत. रडायचे, अंगावर धावून यायचे, पण सांगितलं मी. तुझ्या सिंधूच्या वेळी तुला बाहेर बोलावून काय म्हणाले होते मी, आठवतंय?"

आठवत होतं. म्हणाल्या होत्या, दोघांपैकी एक वाचेल असं धरून चाल. दोघी वाचल्या ही वेगळी गोष्ट.

"आणि तुला मला एक वाक्य सांगता आलं नाही? बाई, तुमचे डोळे गेलेत, आता गाडी नको. झालं. त्या शेळीच्या दिवशी मी घरी आले तीच ठरवून. ती पाटीवाली मला दिसली नाही, नंतर दिसली. दोन दिवस किल्ली पदरात बांधून फिरत होते. म्हटलं, कुणीतरी माझ्याशी नीट बोलावं, मग देऊन टाकीन. म्हातारी म्हणून फसवून नको, पोराच्या हातातलं खेळणं लपवतात तसं नको. माणूस म्हणून विचारावं. तू विचारलं असतंस तर मी किल्ली तुझ्या हातात ठेवली असती आणि म्हणाले असते, दर गुरुवारी तू मला ने."

मी मान वर केली.

"गुरुवारी तुझं गॅरेज बंद असतं ना?"

"हो बाई."

"तेच मनात होतं. तू चालवशील, मी शेजारी बसेन."

माझ्या हातातला चहा गार झाला होता. मी कप खाली ठेवला आणि वाकून त्यांच्या पायावर डोकं टेकलं. वजन न लावलेल्या पायावर. त्यांनी मला रडू दिलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि नाही असंही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ऊठ. दोन कामं आहेत. एक, ते स्टिअरिंग बसव आणि गुरुवारी औषधं पिंपळदऱ्याला पोचव. दवाखान्यातली नर्स येईल बरोबर, मी बोललेय तिच्याशी. तिला गाडी येत नाही."

"आणि दुसरं?"

"रूथला यातलं काही सांगायचं नाही. मला समजलं होतं आणि मी किल्ली देणारच होते हे तिला कळलं, तर ही पडण्याची गोष्ट ती जन्मभर उरावर घेईल. तुला सांगितलं, तू घे."

"घेतो बाई," मी म्हणालो.

त्याच दिवशी मी स्टिअरिंग माळ्यावरून काढलं आणि बसवलं. पुढच्या गुरुवारी नर्सबाईंना घेऊन पिंपळदऱ्याला गेलो. देवळाच्या ओसरीवर माणसं आधीच येऊन बसली होती. गाडी ओळखून पोरं धावत आली आणि आत बाईच नाहीत म्हटल्यावर थबकली. एक म्हातारी काठी टेकत माझ्यापाशी आली. "डॉक्टरीणबाई कवा येणार रं?"

सवयीनं तोंडात आलं होतं, येतील बऱ्या झाल्या की. ते मी गिळलं. "आता नाही येणार आजी. त्यांना आता चालता येणार नाही."

म्हातारी खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसलो. माझ्यानं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

दर गुरुवारी संध्याकाळी मी बाईंना जाऊन सांगायचो, कोण आलं होतं, कुणाचा खोकला कमी झाला, कोण गेलं. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच विचारायच्या, "त्या पुलावर सावकाश घेतलीस ना?" त्या गाडीत पुन्हा बसल्या नाहीत. मी दोनदा म्हणालो, उचलून नेतो, नुसतं बसा, कंपाउंडातच फिरवतो. म्हणाल्या, नको. अकरा महिन्यांनी, ऐन थंडीत, त्या झोपेतच गेल्या.

दफनाला पिंपळदऱ्याची दोन ट्रॅक्टरभर माणसं आली होती. कबरीवर माती ओढून झाली, पाळकसाहेबांची प्रार्थना झाली. लोक पांगायला लागले तसं रूथताईंनी मला खूण करून बाजूला बोलावलं. त्यांचे डोळे सुजले होते.

"भानुदास, तुमचे आभार मानायचे राहिलेत. शेवटचं वर्ष तुम्ही किती केलंत तिच्यासाठी."

"आभार कसले ताई."

"एकच समाधान आहे मला." त्या हळू बोलत होत्या, कुणाच्या कानावर जाऊ नये अशा. "स्टिअरिंगचं आईला शेवटपर्यंत कळलं नाही. आपण तिला फसवलं हे तिला समजलं असतं ना, तर मला स्वतःला तोंड दाखवता आलं नसतं. नाही ना कळलं तिला? तुम्हाला कधी काही बोलली का?"

"नाही ताई," मी म्हणालो. "त्यांना काहीच कळलं नव्हतं."

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि माझा हात क्षणभर धरला. मग बाकीच्या माणसांच्या मागून आम्ही दोघंही फाटकाकडं चालू लागलो.